दहा-दहा, पावणेतीन

हात दाखव आधी. दोन्ही.
ह्यो तळवा मोल्डिंगचा दिसतोय. उद्यमनगर? का शिरोली?
पोळलेल्या कातडीला चाक लवकर कळत न्हाई,
म्हणून तुझी पकड अशी दांडगी.
म्हशीचा कासरा न्हवं त्यो, वढू नगंस.

चाक म्हंजे घड्याळ समज.
बारा वर, सहा तुझ्या पोटाकडं.
डावा हात नवावर, उजवा तीनवर.
पावणेतीन.
आणि अंगठा आत गुतवू नगंस, कडेवर टेक नुसता,
भरलेली परात उचलताना टेकतोस तसा.

भितीकडं बघू नगंस.
तिथं चार हात दिसत्यात.
पोरं इचारत्यात, मास्तर, अंबाबाईची गाडी काय ही?
हसतो मी बी.
खालचं दोन मी काढलं. वरचं दोनबी मीच,
चौऱ्याण्णव साली, ऑइल पेंटानं,
दहा वाजून दहा मिन्टं,
दुकानातली न खपलेली घड्याळं दावत्यात तशी.

तवा तेच बरोबर हुतं रं.
वस्तादानं तसंच शिकवलं, आरटीओचा सायेब तसंच बघायचा,
आन ट्रकचं चाक वर धरल्याबिगर वळायचंच न्हाई,
पावर स्टिअरिंग कुठलं, दंडात असंल तेवढीच पावर.
सत्तावीस वर्सं. रोजची सहा पोरं धर.
किती हात झालं, तू कर हिशेब.
मी न्हाई केला.

त्यात एक त्रिशला मगदूम.
राजारामपुरी, बारावी गल्ली. वडगावच्या पतसंस्थेत कॅशियर.
पयल्या दिवशी गाडीत बसताना चप्पल बाहेर काढून ठेवली
आन कावळा नाक्यापतोर अनवाणीच क्लच दाबत आली.
पर सांगितलेलं कधी इसरली न्हाई.
नवरा म्हणायचा, ही भाजीला बी दहा-दहानंच जाती.

गळिताचा हंगाम. टोपच्या पुढं
उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं लाईट न्हाई, लाल फडकंबी न्हाई.
ब्रेक मारला तिनं. येळेवर मारला.
तरी बसलीच.
मधनं त्यो फुगा सुटला,
वर धरलेला हात तिच्याच नाकावर आला,
आन आत गुतलेला उजवा अंगठा
उलटा.

सीपीआरला गेलो, मोसंबी घेऊन.
म्हणाली, मास्तर, हात सोडलं न्हाईत हां मी.
तुम्ही सांगितलं तस्संच धरलं हुतं.
तक्रार न्हवती त्यात.
शाबासकी मागत हुती बाई.
मी मोसंबी सोलत बसलो. चार सोलली. कुणीच खाल्ली न्हाईत.

त्याच राती येऊन भितीला चुना मारला,
दोन हात दिलं चुन्याचं.
ऑइल पेंटावर चुना टिकतोय व्हय?
म्हैन्याभरात बोटं वर आली.
फिरून मारला. फिरून आली.
आता ऱ्हाऊ दिल्यात.

परवा पतसंस्थेत गेलो, पाच हजार काढाय.
नोटा डाव्या अंगठ्यानं मोजती आता.
हळू. स्पंजाला बोट लावून, मधीच इसरून, परत पयल्यापास्नं.
मागचा एक कुरकुरला.
मी म्हटलं, मोजू द्या.
खिडकीतनं गठ्ठा सरकवत म्हणाली,
आता पावणेतीन म्हणं, मास्तर?
कुणी सांगितलं?
भाची येती की माझी तुमच्याकडं.
मग हसली जरा. म्हणाली,
निघताना पावणेतीनलाच धरती मी,
पर वडगाव येईस्तोवर हात आपलं आपणच वर गेलेलं असत्यात.

घरला येऊन नोटा मोजल्या मी.
एक जास्त हुती.
उद्या देऊन यायची हाय.

तर अंगठा. बाहेर काढ म्हटलं न्हवं?
हे बघ, मी सांगतोय ते आजचं सांगतोय.
पुढं कायतरी निराळं निघंल, निघणारच,
तवा माझं नाव सांगत बसू नगंस, हात खाली घे.

आरसा बघ. उजवीकडनं केएमटी येतीया.
जाऊ दे तिला.
हां. सोड क्लच.
हळू.